चौकटीतला खेळाडू आणि 'पहिला' या शब्दाची जबाबदारी

वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर, मासिकांतल्या उरलेल्या जागेत, स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शिकांत आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एक लहानसा गद्यप्रकार सुखाने नांदतो आहे. त्याला प्रतिष्ठित नाव नाही. बहुधा तो 'तुम्हांला माहीत आहे का?' या प्रश्नाने सुरू होतो, दोन-तीन ओळींत संपतो आणि त्याच्याभोवती एक चौकट असते. हिटलरने ध्यानचंद यांना जर्मन सैन्यात मोठा हुद्दा देऊ केला होता. मिल्खासिंग यांनी मागे वळून पाहिले आणि त्यांचे पदक हुकले. खाशाबा जाधव हे भारताचे पहिले ऑलिंपिक पदकविजेते. अशी वाक्ये आपण सर्वांनी वाचलेली आहेत, ऐकवलेली आहेत आणि वक्तृत्वस्पर्धांत विद्यार्थ्यांच्या तोंडून ती पुन्हा ऐकलेलीही आहेत.

ही वाक्ये तपासणे हे क्रीडापत्रकारांचे काम, साहित्याच्या अभ्यासकांचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकेल. परंतु या चौकटींतल्या चुका बारकाईने पाहिल्या तर त्या क्वचितच खेळाच्या ज्ञानातल्या असतात असे दिसून येते. त्या विशेषणाच्या असतात, गाळलेल्या कर्त्याच्या असतात, निवेदकाच्या असतात, रूपकाला वस्तुस्थिती समजण्याच्या असतात. म्हणजेच त्या भाषेच्या आणि कथनाच्या चुका आहेत. त्या ओळखण्याची साधने मराठीच्या वर्गात आधीच उपलब्ध आहेत आणि ती तेथेच धूळ खात पडली आहेत, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम विशेषणाचा विचार करू. 'पहिला' हा या गद्यप्रकाराचा लाडका शब्द. त्याच्या मागोमाग 'एकमेव' आणि 'आजवर कोणीही न केलेला' हे येतात. 'पहिला' हे दिसायला साधे संख्यावाचक विशेषण असले तरी त्याच्या पोटात एक संपूर्ण यादी दडलेली असते. कोणत्या यादीतला पहिला, ती यादी कोणी केली आणि कोठून सुरू केली, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ प्राप्त होत नाही. खाशाबांचे उदाहरण घ्यावे. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. ही घटना निर्विवाद आहे. आता तिच्याविषयीची तीन विधाने पाहा. 'भारताचे पहिले ऑलिंपिक पदक' हे विधान चूक आहे, कारण १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकपासून हॉकी संघ सुवर्णपदके मिळवीत आलेला होता. 'भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक' हे विधान वादग्रस्त आहे. 'स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक' हे मात्र पूर्णपणे खरे आहे. खऱ्या आणि खोट्या विधानांत येथे अंतर आहे ते केवळ दोन शब्दांचे, आणि जागा वाचवायची म्हणून चौकटीचा संपादक नेमके तेच दोन शब्द कापतो.

मधले विधान वादग्रस्त का, याचे कारण नॉर्मन प्रिचर्ड. कलकत्त्यात जन्मलेल्या या धावपटूने १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत दोन रौप्यपदके मिळविली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या नावावर दाखविते, तर ॲथलेटिक्सच्या काही इतिहासकारांनी ती ग्रेट ब्रिटनच्या खात्यात धरली आहेत. पुढे हाच प्रिचर्ड 'नॉर्मन ट्रेव्हर' या नावाने रंगभूमीवर आणि हॉलिवूडच्या मूकपटांत अभिनेता म्हणून वावरला. तो भारतीय होता की नव्हता, हा प्रश्न धावण्याच्या वेळा तपासून सुटणार नाही. वसाहतीच्या काळात 'भारतीय' या शब्दाचा अर्थ काय होता, हा तो प्रश्न आहे. १९व्या शतकातील वाङ्मय शिकविताना हाच प्रश्न आपण वर्गात वेगळ्या संदर्भात विचारीत असतो.

या प्रश्नाचे पडसाद अगदी अलीकडेपर्यंत उमटत राहिले आहेत. नीरज चोप्रा यांनी ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटर भालाफेक करून सुवर्णपदक मिळविले. 'ऑलिंपिक ॲथलेटिक्समधील भारताचे पहिले सुवर्ण' असे लिहिले तर विधान कोणत्याही यादीत टिकते. 'पहिले पदक' असे लिहिले की लगेच प्रिचर्ड दारात येऊन उभे राहतात. तसेच २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा यांनी मिळविलेले सुवर्ण हे भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण होय. पण 'ऑलिंपिक' हा शब्द गाळून 'जागतिक क्रीडास्पर्धेत भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण' असे सैल वाक्य कोणी लिहिले, तर १९६५च्या युद्धात जायबंदी झालेले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळविणारे आपले मुरलीकांत पेटकर त्या वाक्यातून हद्दपार होतात. विशेषणाची शिस्त हा व्याकरणाचा हट्ट नव्हे, हे येथे लक्षात येते. सैल विशेषणाने एका माणसाचा गौरव होतो आणि दुसरा माणूस इतिहासातून नाहीसा होतो.

गाळलेल्या कर्त्याचे उदाहरणही खाशाबांच्याच चरित्रात सापडते. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगितले जाते. ही हकिगत दोन ओळींत बसविताना 'ऑलिंपिकला जाण्यासाठी घर गहाण टाकावे लागले' असा प्रयोग केला की कर्ता नाहीसा होतो आणि वाचक ते घर खाशाबांचेच समजतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते, किंबहुना अधिक करुण होते. पण त्यातून एक शिक्षक पुसला जातो. एका अध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यासाठी केलेली गोष्ट अध्यापकांच्याच लेखणीतून गळून पडावी, यासारखा विपर्यास नाही.

आता रूपकाकडे वळू. ६ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये झालेली ४०० मीटरची अंतिम शर्यत ही भारतीय क्रीडेतिहासातील सर्वांत जास्त वेळा सांगितली गेलेली पराभवकथा असावी. ओटिस डेव्हिस आणि कार्ल कॉफमन या दोघांनी ४४.९ सेकंदांत ती पार केली, माल्कम स्पेन्स यांना ४५.५ आणि मिल्खासिंग यांना ४५.६ सेकंद लागले. तिसरा आणि चौथा क्रमांक यांत दशांश सेकंदाचे अंतर. याविषयी चौकटी दोन गोष्टी सांगतात. एक, मिल्खासिंग यांनी विश्वविक्रम मोडला तरी त्यांना पदक मिळाले नाही. दोन, त्यांनी मागे वळून पाहिले म्हणून पदक गेले.

पहिली गोष्ट साध्या तुलनेने निकालात निघते. शर्यतीपूर्वीचा विश्वविक्रम होता लू जोन्स यांचा, १९५६ सालचा, ४५.२ सेकंदांचा. मिल्खासिंग यांची वेळ त्याहून सरस नव्हती. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील ४५.९ हा ऑलिंपिक विक्रम मात्र त्यांच्या वेळेने मागे पडला असता. परंतु रोममध्येच उपान्त्य फेरीत डेव्हिस यांनी ४५.५ सेकंदांची वेळ नोंदवून तो आधीच मोडलेला होता. म्हणजे चौकटीतल्या विधानाच्या मुळाशी सत्याचा एक कण आहे: जुन्या ऑलिंपिक विक्रमापेक्षा अधिक वेगाने धावूनही मिल्खासिंग चौथे आले. तो कण स्वतःच पुरेसा विलक्षण आहे. पण 'जुना' आणि 'ऑलिंपिक' ही दोन विशेषणे सांडली, आणि उरला तो विश्वविक्रम.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. स्वतः मिल्खासिंग यांनी या शर्यतीविषयी वेळोवेळी सांगितले आहे. साधारण २५० मीटरच्या टप्प्यावर आपला वेग फार झाला असे वाटून आपण तो आवरता घेतला, हा या कथनाचा गाभा; प्रतिस्पर्ध्यांकडे नजर टाकल्याचा उल्लेखही त्यात येतो. म्हणजे मूळ निवेदनात मुख्य चूक आहे ती वेगाच्या नियोजनाची. ४०० मीटर धावणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न सोडवावाच लागतो आणि तो कंटाळवाणा, तांत्रिक आहे. 'मागे वळून पाहिले' यात मात्र फाळणी आहे, मारले गेलेले आप्त आहेत, सुटलेले गाव आहे. २०१३ साली आलेल्या 'भाग मिल्खा भाग' या चित्रपटाने ही प्रतिमा शर्यतीच्या प्रसंगात गुंफली आणि चित्रपट म्हणून तसे करण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. अडचण सुरू होते ती चौकट या प्रतिमेला वर्तमानपत्री वाक्याचा पोशाख चढविते तेव्हा. कलाकृतीतले रूपक चौकटीत येऊन कार्यकारणभाव बनते, आणि त्यातून पुढे 'आयुष्यात कधी मागे वळून पाहू नये' असे तात्पर्यही काढले जाते.

संख्या आली की विधान आपोआप विश्वसनीय वाटू लागते, हाही याच प्रकारातला भ्रम. मिल्खासिंग यांनी ८० शर्यतींपैकी ७७ जिंकल्या, असे वारंवार छापले जाते. म्हणजे हरलेल्या शर्यती तीन. आता केवळ दोन ऑलिंपिक समोर ठेवा. १९५६ साली मेलबर्नला ते २०० आणि ४०० मीटर या दोन्ही प्रकारांत प्राथमिक फेरीतच बाद झाले. १९६० साली रोमला उपान्त्य फेरीत ते डेव्हिस यांच्या मागे दुसरे आले आणि अंतिम फेरीत चौथे. न जिंकलेल्या शर्यती येथेच चार झाल्या. प्राथमिक व उपान्त्य फेऱ्या मोजायच्या नाहीत असे कोणी म्हणेल, तर 'शर्यत' या शब्दाची व्याख्या चौकटीने द्यावयास हवी होती. या पडताळणीसाठी दुर्मीळ ग्रंथालयाची आवश्यकता नाही. बोटांवर करण्याजोगी बेरीज आहे.

तिसरा प्रकार निवेदकाचा. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमधील हॉकीचा अंतिम सामना १५ ऑगस्ट रोजी झाला. भारताने जर्मनीला ८-१ असे हरविले. त्यानंतर हिटलरने ध्यानचंद यांना बोलावून जर्मनीचे नागरिकत्व आणि सैन्यातला हुद्दा देऊ केला व ध्यानचंद यांनी तो नम्रपणे नाकारला, ही कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. कथनाच्या दृष्टीने तिच्याकडे पाहिले की काही गोष्टी डोळ्यांत भरतात. देऊ केलेला हुद्दा प्रत्येक कथनात बदलतो. कोठे तो कर्नलचा असतो, कोठे थेट फील्डमार्शलचा. भेटीचा दिवस आणि जागा बदलते. संवाद मात्र शब्दशः दिलेला असतो, जणू निवेदक तेथे उभा राहून टिपून घेत होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या 'गोल' या ध्यानचंद यांच्या आत्मचरित्रात हा प्रसंग नाही. ज्या माणसाने हिटलरला नकार दिला त्याने स्वतःचे आयुष्य लिहिताना तो नकार विसरावा, हे संभाव्य आहे काय? अनुल्लेख हा निर्णायक पुरावा नसतो, हे मान्य. परंतु जी घटना ज्याच्यावर घडली त्याच्या लेखनात नाही आणि जिचे तपशील कथनागणिक फुगत जातात, तिला 'असे सांगतात' या दोन शब्दांशिवाय छापणे अप्रामाणिकपणाचे आहे.

येथेही सत्य अळणी नाही. त्याच दौऱ्यात सराव सामन्यात जर्मन संघाने भारताला ४-१ असे हरविले होते आणि त्या पराभवाने संघ हादरला होता. भारतातून आणखी खेळाडू बोलावून घेण्यापर्यंत वेळ आली. अंतिम सामन्यापूर्वी खेळाडूंनी आपल्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा उलगडून त्याला वंदन केले, ही हकिगत संघाबरोबर असलेल्यांच्याच कथनातून आलेली आहे. मैदानावर मात्र त्यांना ब्रिटिश हिंदुस्थानचा संघ म्हणूनच उतरायचे होते. बंद खोलीतला तो तिरंगा मला हिटलरच्या कल्पित दरबारापेक्षा कितीतरी अधिक अर्थपूर्ण वाटतो. पण चौकटीला दरबार हवा असतो. आपल्या नायकाचे मोठेपण परक्या सत्ताधीशाने मान्य केल्याखेरीज तिला समाधान वाटत नाही.

पडताळणी म्हणजे केवळ मूर्तिभंजन, अशी समजूत होऊ नये म्हणून एक उलट उदाहरण देतो. पी. टी. उषा यांचे १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतले कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, असे चौकटी सांगतात. वाक्य अतिशयोक्त वाटते, पण निकालपत्रक उघडले की रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारू यांची वेळ ५५.४१ आणि उषा यांची ५५.४२ सेकंद अशी दिसते. स्त्रियांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये त्या वर्षी प्रथमच होत होती. तपासल्यावर हे विधान लहान झाले नाही. त्याला वजन आले. पडताळणीचा खरा लाभ हाच. जे टिकते ते यापुढे न अडखळता सांगता येते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. लोकमानसाला आख्यायिका लागतात. महीपतीने संतांची चरित्रे सांगितली तेव्हा त्याने तरी कोठे पुरावे मागितले, मग बिचाऱ्या खेळाडूंच्या कथांवरच ही सक्ती का? याचे उत्तर वाङ्मयप्रकाराच्या संकेतांत आहे. भक्तिचरित्राचा श्रोता आणि निवेदक यांच्यात एक करार असतो. चमत्कार हा तेथे श्रद्धेच्या भाषेतला अलंकार आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. चौकटीचा करार वेगळा आहे. 'तुम्हांला माहीत आहे का?' असे विचारणारे वाक्य ज्ञानाचा दावा करीत असते. श्रद्धेचा ऐवज ज्ञानाच्या नाण्यात मोडून देणे ही वाचकाची फसवणूक होय. आख्यायिका अवश्य सांगाव्यात, आख्यायिका म्हणून सांगाव्यात.

'प्रेरणा तर मिळते ना?' हा याच आक्षेपाचा दुसरा अवतार. प्रेरणा कोणती मिळते ते पाहावे. मिल्खासिंग यांची शर्यत 'मागे वळून पाहण्या'ची झाली की प्रशिक्षण, शर्यतीचे शास्त्र, परदेशी स्पर्धांचा अनुभव हे सारे प्रश्न मिटतात आणि उरतो तो एका माणसाच्या मनाचा कमकुवत क्षण. खाशाबांची गोष्ट गरिबीवर मात करणाऱ्या जिद्दीची झाली की एका गुणी मल्लाला लोकवर्गणीवर आणि एका प्राचार्याच्या घरावर का अवलंबून राहावे लागले, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. १९८४ साली अपघातात खाशाबा गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. ही तारीख सहसा कोणत्याही 'प्रेरणादायी' चौकटीत दिसत नाही. चटकदार असत्य हे बहुधा निरुपद्रवी नसते. ते व्यवस्थेचे अपयश व्यक्तीच्या स्वभावाच्या खात्यावर टाकते.

आणि यात विद्यार्थ्याचेही काही पणाला लागलेले असते. 'भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेता कोण?' हा एका गुणाचा प्रश्न समजा. 'स्वतंत्र' हा शब्द प्रश्नात नसेल, तर ज्याने अधिक वाचले आहे तो प्रिचर्ड लिहून गुण गमावण्याची शक्यता आहे आणि ज्याने चौकट पाठ केली आहे तो उत्तीर्ण होतो. वाचनाला शिक्षा आणि पाठांतराला बक्षीस, अशी ही रीत. प्रश्न काढणाऱ्याच्या एका गाळलेल्या विशेषणाचा हा परिणाम आहे.

मग करावे काय? मराठीच्या परंपरेत याचे उत्तर जुने आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठ बिघडत चालले होते म्हणून. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यासाठी अनेक दशके प्रती पडताळल्या. पाठचिकित्सेचे तीन-चार नियम पदव्युत्तर वर्गात आपण शिकवितो: सर्वांत जुनी प्रत कोणती ते पाहा, पाठभेद नोंदवा, लेखकाला सोपे करण्याचा मोह कोठे झाला असेल ते ओळखा, सुबक पाठापेक्षा अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक, हे विसरू नका. हेच नियम चौकटीला लावावेत. येथे 'जुनी प्रत' म्हणजे त्या स्पर्धेचा अधिकृत अहवाल, त्या आठवड्यातले वृत्तपत्र, खेळाडूचे स्वतःचे लेखन. ऑलिंपिकचे जुने अहवाल आज संगणकावर वाचावयास मिळतात, आणि 'ऑलिंपीडिया'सारख्या कोशात फेरीनिहाय निकाल सापडतात. 'अवघड पाठ' म्हणजे 'वेग आवरला', आणि 'सुबक पाठ' म्हणजे 'मागे वळून पाहिले'.

एम.ए.च्या संशोधनपद्धतीच्या अभ्यासपत्रिकेत हस्तलिखितांची उदाहरणे द्यावीतच, परंतु एक तासिका अशा दहा चौकटींसाठीही ठेवावी असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक विद्यार्थ्याने एक वाक्य घ्यावे आणि त्याला चार प्रश्न विचारावेत. यातले विशेषण कोणत्या यादीवर उभे आहे? क्रियापदाचा कर्ता कोण? हे कोणी पाहिले आणि प्रथम केव्हा लिहिले? तुलना कशाशी आहे? मग त्याच दोन ओळींत, तेवढ्याच जागेत, ते वाक्य पुन्हा लिहावे. 'स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक: खाशाबा जाधव, कुस्ती, हेलसिंकी, १९५२' एवढे लिहायला जागा जास्त लागत नाही. कापायचेच असेल तर उद्गारचिन्ह कापावे, 'स्वतंत्र' हा शब्द ठेवावा.